बेंगेरीचा खादी तिरंगा, ९०० बाय ६०० : नंदगडच्या एका टेलरचा तीन वर्षांचा अनुभव

हातात कापड आलं की मी ते आधी मुठीत चुरगाळतो, मग उजेडाला धरतो आणि शेवटी काठाचा एक धागा ओढून काडीवर जाळून बघतो. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटात विरघळणारी मऊ राख उरते. पॉलिस्टर असेल तर धागा आखडतो, वितळतो आणि टोकाला काळा कडक मणी धरतो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, नंदगडात, चाळीस वर्षं माझं शिलाईचं दुकान आहे. "प्युअर कॉटन आहे मास्तर" म्हणून गिऱ्हाइकानं पुढं ठेवलेलं कापड मी याच परीक्षेवर ओळखतो. तिरंग्याचं कापड असं जळताना बघायची वेळ आपल्यावर येईल, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं. २०२२ च्या ऑगस्टात ती आली. त्यानंतर दोन महिन्यांत बेंगेरीचा खादीचा झेंडा आमच्या घरी आला. त्याला आता तीन वर्षं होऊन गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

कुणाला घ्यायचा असेल तर आधी कामाचं सांगतो. बेंगेरी हा हुबळीतलाच भाग. तिथं कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ आहे, १९५७ साली स्थापन झालेला. राष्ट्रध्वजाचं काम त्यांच्याकडं २००४ नंतर सुरू झालं. भारतीय मानक ब्युरोची मान्यता असलेलं देशातलं एकमेव ध्वज केंद्र म्हणून बरीच वर्षं त्याचीच ओळख होती. झेंडे नऊ मापांत होतात. सगळ्यांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, म्हणजे एकवीस फूट बाय चौदा फूट. सगळ्यांत लहान टेबलावर ठेवायचा, १५० बाय १००. मी घेतला तो ९०० बाय ६००, घराला किंवा लहान शाळेला पुरेसा. पैसे साधारण माझ्या सहा-सात ब्लाऊजांच्या शिलाईएवढे गेले.

आता २०२२ चं. त्या वर्षी १३ ते १५ ऑगस्ट घरोघरी झेंडा लावायची मोहीम होती, आणि मला तिचा मनापासून आनंद झाला होता. आमच्या गल्लीत मराठी घरं आहेत, कानडी आहेत, मुसलमानांची आहेत. १३ तारखेला सकाळी दुकानाचं शटर वर केलं आणि बघतो तर सगळ्या दारांवर एकच रंग. नंदगडला या गोष्टीची किंमत जास्तच कळते. कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना इंग्रजांनी आमच्याच गावात वडाच्या झाडाला फाशी दिली, तारीख २६ जानेवारी १८३१. त्यांचा जन्म १५ ऑगस्टचा, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ज्या दोन दिवशी सगळा देश झेंडा लावतो, ते दोन्ही दिवस आमच्या गावाचे आधीपासूनचे आहेत. समाधीवर त्या दिवशी कानडी माणूस जातो तसा मराठी माणूसही जातो.

त्याच दिवशी दुपारी शेजारची एक आजी पंचवीस रुपयांचा झेंडा घेऊन आली. "मास्तर, ह्येचा नेफा उसवला बघा, जरा टाका घालून द्या की." मी टेप लावला. पांढरा पट्टा सव्वासहा इंच, हिरवा जेमतेम पावणेसहा. चक्र मधोमध नव्हतं, काठीच्या बाजूला सरकलेलं. उलटून बघितलं तर मागच्या बाजूला आऱ्या पुसट होऊन एकमेकींत मिसळलेल्या. दुमड कुठंच नाही, कडा गरम पात्यानं कापलेल्या, हाताला टोचणाऱ्या. नेफ्याला एकच शिलाई आणि टाके इतके लांब, की ओढलं तर सरळ निघून यावेत. गिऱ्हाइकाच्या पोराच्या शाळेच्या शर्टाला मी असे टाके घातले तर ते माझ्याकडं परत येणार नाही. मी नेफा शिवून दिला, दोनदा मशीन मारलं, पैसे घेतले नाहीत. पण वाकडं चक्र मी कसं सरळ करणार?

खानापूर तालुक्याचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. १६ ला वारं सुटलं आणि जोराची झड आली. काठ्या पडल्या, नेफे फाटले, झेंडे उडाले. गटारीच्या कडेला, बाभळीत अडकलेले, शाळेच्या कंपाउंडच्या तारेला. मी आणि माझ्या थोरल्या भावानं चार दिवस सकाळी फिरून ते गोळा केले. दादा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालाय, चोवीस वर्षं नोकरी करून. एकेक झेंडा उचलायचा, झटकायचा आणि घडी घालून छातीशी धरायचा. सत्तावीस झाले. घरी आणून धुतले, दोरीवर वाळवले. सात-आठ लावण्याजोगे निघाले, ते घडी करून ठेवले. बाकीचे फाटलेले.

ध्वजसंहिता दादाला पाठ आहे. झेंडा फाटला-मळला की तो लावायचा नाही, आडबाजूला नेऊन पूर्णपणे नष्ट करायचा, शक्यतो जाळून, आणि त्याचा मान राखून. म्हणून एका संध्याकाळी परसात वाळक्या शेणी रचून आम्ही दोघं बसलो. दादानं कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता, छातीवर मेडल लावली होती. पहिला झेंडा ठेवला आणि सावधानमध्ये उभा राहिला.

तो जळालाच नाही. आखडला, गोळा झाला, केशरी आणि हिरवा रंग एकमेकांत मिसळून काळा झाला आणि थेंब थेंब शेणीवर गळायला लागला. वास सगळ्या परसात भरला. चक्र शेवटपर्यंत दिसत होतं, मग तेही पाघळलं. दादानं सलाम सोडला नाही, पण तोंड भिंतीकडं वळवलं. सकाळी राख नदीला सोडायची म्हणून आम्ही गेलो, तर राख नव्हतीच. शेणीला चिकटलेले काळे दगडासारखे गोळे होते. दादा फार बोलणारा माणूस नाही. तेवढंच म्हणाला, "आपल्या पोरांना ह्याच्यात गुंडाळून आणत्यात रे." नंतर बराच वेळ तो आत गेला नाही.

चूक ती आजीची नाही, विकणाऱ्या पोराचीही नाही. ३० डिसेंबर २०२१ ला केंद्र सरकारनं ध्वजसंहितेत बदल केला. तोवर कापडाचा राष्ट्रध्वज हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या खादीचाच असायला हवा होता, मग ती सुती असो, लोकरी असो की रेशमी. बदलानंतर यंत्रावरचं कापड आणि पॉलिस्टर दोन्ही चालायला लागलं. कारण मला समजतं. कोट्यवधी घरांना तीन दिवसांत झेंडा पुरवायचा तर हातमागाला ते झेपणार नाही, आणि गरिबाला पंचवीस रुपयांतच झेंडा परवडतो. पण मग खादीला दोन-तीन वर्षं आधी ऑर्डर देता आली असती. प्रत्येक जिल्ह्यातल्या खादी संघांना काम वाटून देता आलं असतं, सरकारनं अर्धे पैसे घातले असते तर आजीलाही परवडला असता. स्वस्त होण्यासाठी कापडच बदलायचं, हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांनी झेंड्याचा अर्थ त्याच्या रंगात आणि मापात बघितला. माझ्यासारख्या कापडाच्या माणसाला त्याचा अर्थ धाग्यातही दिसतो. मला या निर्णयाचा राग आला, आजही आहे. बेंगेरीच्या संघानंही त्या वेळी उघड विरोध केला होता.

बेळगाव जिल्ह्यात राहून हा राग येऊ नये हे शक्यच नाही. १९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन बेळगावात झालं, टिळकवाडीत. गांधीजी आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले, ते तिथं. त्या वेळी पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर अजून आहे. त्याच अधिवेशनात असं ठरलं, की काँग्रेसचा सभासद व्हायचं तर चार आणे देऊन भागणार नाही, महिन्याला २,००० यार्ड सूत कातून द्यायचं. स्वतःला वेळ नसेल तर दुसऱ्याकडून कातून घ्यायचं, पण सूत द्यायचं. आमच्या जिल्ह्यात देशभक्ती अशी यार्डात मोजली गेलेली आहे. हुदलीचे गंगाधरराव देशपांडे, ज्यांना कर्नाटकाचा सिंह म्हणतात, त्यांनी गावात खादीचं काम उभं केलं. १९३७ ला गांधीजी हुदलीत येऊन राहिले होते. माझी आजी हुदलीजवळची. तिच्या ट्रंकेत टकळी होती, हे मी स्वतः बघितलंय. अधिवेशनाची शंभरी झाली तेव्हा बेळगाव दिव्यांनी सजवलं होतं. मी रात्रीच्या एसटीनं मुद्दाम बघायला गेलो. डोळे भरून आले. आणि तरी नजर जिथं तिथं झेंड्याच्या कापडाकडंच जात होती.

असो. ऑक्टोबरात खानापूरहून लोंढा-धारवाडमार्गे रेल्वेनं हुबळी गाठली, स्टेशनवरून रिक्षा केली. दादा बरोबर होता.

बेंगेरीत बघितलेलं काम माझ्यासारख्या माणसानं विसरण्यासारखं नाही. सूत कातायचं आणि कापड विणायचं काम बागलकोट जिल्ह्यात तुळसिगेरीला होतं. तिथून थान हुबळीला येतं. मग धुलाई आणि रंगाई, मग चक्राची छपाई, मग शिलाई, मग दोरी-खुंटी. अंगाचं कापड वेगळं आणि काठीकडच्या नेफ्याचं वेगळं. नेफ्याचं कापड जाड, मळकट पांढरं, वीण अशी घट्ट की सुई जाताना हाताला जोर लागावा. मला ते हातात मिळालं तेव्हा पहिल्यांदा मी धागे मोजायला नखच लावलं. साध्या विणीत एक वर एक खाली जातो, इथं वीण निराळी, म्हणूनच ते ओढ खातं.

चक्राची छपाई हे सगळ्यांत अवघड काम. पांढऱ्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी छापायचं आणि चोवीसच्या चोवीस आऱ्या पाठीला पाठ लावून यायला हव्यात. सुताभर सरकलं तर उजेडाला धरल्यावर अठ्ठेचाळीस दिसतील. मी माझा झेंडा तिथंच खिडकीपाशी धरला. चोवीसच दिसल्या. टेपनं मोजलं तर चक्राचा व्यास १८५ मिलिमीटर, या मापाला मानकात जेवढा लागतो तेवढाच. तिन्ही पट्टे दोनशे-दोनशे. जोडाला दुहेरी शिलाई, दोन्ही बाजूंनी कापडाची कड आत घेतलेली, एक सूत बाहेर नाही. कोपऱ्यात टाके उलटे मारून बंद केलेले. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरांना मी हेच सांगत आलोय, की बाहेरून सगळेच शर्ट सारखे दिसतात, उलटा करून बघा.

मशीनवर बहुतेक बाया होत्या. एकीला मी कानडीत विचारलं, "एष्टु वर्ष आयतु, अक्का?" म्हणजे किती वर्षं झाली? ती म्हणाली पंधरा-सोळा. मीही टेलर आहे म्हटल्यावर तिनं पायडल थांबवलं आणि जोड कसा घालतात ते स्वतः उलटून दाखवलं. मग विचारलं, पॉलिस्टर आल्यापासून कसं चाललंय? तिनं मशीनचा दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, ऑर्डर असली की काम, नसली की घर. लाल किल्ल्यावरचा झेंडा टीव्हीवर दिसला की पोरं ओरडतात, आईचा झेंडा. हे सांगताना तिचा चेहरा बघायला हवा होता. दादानं तिला नमस्कार केला. ती गडबडून उभी राहिली.

आता वापराचं. दादाच्या दारात पंधरा फुटी पाइप आहे. २००२ च्या ध्वजसंहितेपासून सामान्य माणसाला वर्षभर झेंडा लावता येतो, म्हणून तो जोराचा पाऊस सोडून रोज लावतो. सकाळी सहाला चढवायचा, सूर्य मावळायच्या आत उतरवायचा. जुलै २०२२ पासून घरावर रात्रीही ठेवायला परवानगी आहे, पण दादाला ते पटत नाही. संध्याकाळ झाली की तो पायात चप्पल न घालता अंगणात जातो.

रंग : पहिल्या पावसाळ्यात मी रोज पांढरा पट्टा तपासत होतो. भिजलेल्या केशरीचा किंवा हिरव्याचा एक डाग त्यावर आला नाही. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर केशरी किंचित निवलाय, नव्या तुकड्याशेजारी धरला तरच कळतं. हिरवा जसाच्या तसा.

वजन आणि वारा : पॉलिस्टर जराशा झुळुकीला फडफडतं आणि आवाज करतं. खादी तशी नाही. मंद वाऱ्यात ती खाली लोंबते, ज्यांना कायम फडकणारा झेंडा हवा त्यांना हे आवडणार नाही. पण चांगलं वारं आलं की ती उघडते, भरते आणि लाटेसारखी संथ हलते. दादा चहाचा कप घेऊन ओट्यावर बसतो आणि ते बघत राहतो.

पाऊस : सुती कापड भिजलं की दुप्पट जड होतं, तसंच याचंही होतं. भिजलेला झेंडा तसाच वर ठेवला तर नेफ्यावर ताण येतो. उतरवून, न पिळता, सावलीत आडवा पसरावा. आमच्याकडं जून ते सप्टेंबर वाळायला दोन दिवस लागतात आणि बुरशीची भीती असते. घडी घालण्याआधी हात फिरवून बघा, थोडाही ओलावा लागला तर ट्रंकेत ठेवू नका. इस्त्री करताना वर पातळ मलमल टाकावी, चक्रावर गरम तवा थेट नको.

आटणं : पहिल्या भिजण्यात लांबीला चार-पाच मिलिमीटर कमी झाला, नंतर नाही. हातमागाच्या कापडाला हे फारच कमी.

गेल्या वर्षी दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं. मी काजं करता करता पॉलिस्टरवर आणि सरकारवर बोलत होतो. ते म्हणालं, "मास्तर, एवढं सरकारला बोलता, आणि दारात तिरंगा लावता? एक काय ते ठरवा की." आमच्यासारख्यांना हा प्रश्न दोन बाजूंनी येतो. १ नोव्हेंबरला सीमाभागातली आमची माणसं दंडाला काळी फीत बांधून फिरतात. त्यातल्या कितीतरी फिती माझ्याच मशीनवर शिवल्या जातात. १९५६ ला राज्यं पुन्हा आखली, बेळगाव, खानापूर आजच्या कर्नाटकात आले, तेव्हापासून ही फीत आहे. माझे वडील बांधत, मीही बांधतो. मग कुणीतरी विचारतंच, तुमचं देशावर प्रेम आहे की नाही? ज्या घरांतून काळी फीत निघते, त्याच घरांतल्या भिंतींवर मराठा रेजिमेंटच्या टोपीतले फोटो आहेत. १९२२ पासून रेजिमेंटचं केंद्र बेळगावात आहे, आमच्या गावांतून एकेका घरातली तिसरी-चौथी पिढी तिथून गेली.

त्या गिऱ्हाइकाला मी २००४ चा निकाल सांगितला. नवीन जिंदल यांनी आपल्या कारखान्यावर तिरंगा लावला होता, अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, ते कोर्टात गेले. २३ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मान राखून राष्ट्रध्वज फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. कुठल्या कलमाखाली? १९ (१) (अ), भाषण आणि अभिव्यक्तीच्या. म्हणजे दारात झेंडा लावायचा माझा हक्क आणि सरकारचं चुकलं असं म्हणायचा माझा हक्क, दोन्ही एकाच कलमातून आलेत. एक ठेवून दुसरा कसा काढणार? तो जोडच उसवेल. गिऱ्हाईक म्हणालं, "हे म्हायती नव्हतं बघा." पँट घेऊन गेलं. पटलं की नाही कुणास ठाऊक.

आणि बोलण्यासारखं बरंच आहे. २०२४ च्या कायद्यानं पाटीवर ६० टक्के कानडी लागतं. माझी पाटी आधीपासून दोन्ही भाषांत होती, निम्मी-निम्मी. रंगवून घेतली, कानडी मोठं केलं. मला कानडीचा राग नाही, निम्मं गिऱ्हाईक कानडी, बायकोचं माहेर कित्तूरकडचं. पण जमिनीचा उतारा, नोटिसा, अर्ज फक्त कानडीत मिळतात तेव्हा त्रास होतो. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत द्यायच्या, हे देशपातळीवर कधीच मान्य झालंय. माझ्या आईनं एका कार्यालयात कशावर अंगठा दिला हे तिला शेवटपर्यंत कळलं नव्हतं. ते मी विसरणार नाही.

दादाचं दुखणं वेगळं. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षं नोकरी, त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढं कायम ठेवणार, बाकीचे सेवानिधी, म्हणजे एकरकमी पैसे, घेऊन घरी. पेन्शन नाही. दादाच्या पेन्शनवर आमच्या वाड्यातलं अर्धं घर उभं राहिलंय. त्याचा मुलगा, माझा पुतण्या, तेव्हा रोज पहाटे नंदगड-खानापूर रस्त्यावर धावत होता. आम्हाला वाटलं, हे ऐकून थांबेल. नाही थांबला. भरती झाला, ट्रेनिंग बेळगावातच झालं. २०२३ ला त्याची कसम परेड आम्ही बघितली. पोरं एका रांगेत, बूट एका आवाजात, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" ची आरोळी. दादा परेडभर ताठ उभा होता. घरी येऊन मला म्हणाला, "पोरगं द्यायला मी नाही म्हणणार नाही. पण चार वर्षांत सैनिक होत नाही रे, हे मी चोवीस वर्षं काढून सांगतोय. कुणीतरी ऐकायला पाहिजे." त्याचं म्हणणं सविस्तर लिहून काढून मी त्याच्या नावानं टपालानं दिल्लीला पाठवलं. पोच आलेली नाही. अजून एक लिहिणार आहे.

झेंड्याकडं परत येतो. परवा उतरवताना दादानं हाक मारली. उडत्या बाजूच्या कडेला, खालच्या कोपऱ्यात, बोटभर सूत सुटलंय. तीन वर्षं रोजचा वारा खाऊन तेवढंच. नेफा, जोड, खुंटी सगळं शाबूत. मी म्हटलं, रफू करतो, कुणाला कळणारही नाही, माझा हात आहे त्यात. दादानं माझ्या हातातून झेंडा काढून घेतला. "विरायला लागलेला वर चढवायचा नाही. नवा आणायचा." घडी घालून ट्रंकेत ठेवला.

पुतण्याला पुढच्या महिन्यात सुट्टी आहे. फोनवर सांगितलं तर म्हणाला, मी आल्याशिवाय जाळू नका. मग तिघं मिळून परसात बसू. हा सुती आहे, राख पडेल, ती मलप्रभेला सोडू. दुसऱ्या दिवशी हुबळीची गाडी धरायची आहे. ९०० बाय ६०० चा एक आपल्या दाराला, आणि १३५० बाय ९०० चा एक गावातल्या शाळेला, जिच्या तारेवरून आम्ही तेव्हा पाच झेंडे काढले होते. शाळेचे पैसे मी आणि दादा निम्मे-निम्मे घालणार आहोत. कुणाला हुबळीहून मागवायचा असेल तर माप आत्ताच सांगा, आणतो.